शिट्टी थांबेपर्यंत

“इथे सही करा, म्हणजे विषय संपला,” जीप बनवणाऱ्या कंपनीचे देवस्थळी साहेब म्हणाले. खिशातलं पेन त्यांनी अर्धवट बाहेर काढलं आणि माझ्या हातांकडे बघून तिथंच थांबले. माझे हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे झाले होते. चांगलं पेन असल्या हातात द्यावं की न द्यावं, या विचारात माणूस पडला असावा.

कागदावर चारच ओळी टाइप केलेल्या होत्या. गाडी क्रमांक अमुक, टर्बो निकामी. कारण: गॅरेजने हलक्या प्रतीचे इंजिन ऑइल वापरले. खाली माझं नाव, कुंदा गणपत लोहार, लोहार मोटर्स, खिंडवाडी.

“आणि नाही केली सही तर?”

“तर नवा टर्बो मंजूर होणार नाही. गाडी इथेच पडून राहील, पवनचक्कीवाले आमच्या नावानं शंख करतील आणि तुमचा अधिकृत सर्व्हिसचा बोर्ड मला उद्या उतरवून न्यावा लागेल. सही केलीत तर नुसती ताकीद. बोर्ड राहतो, गाडी चालू होते, कुणाचंच नुकसान नाही.”

“साहेब, तेल तुमच्याच कंपनीच्या सीलबंद पिंपातलं आहे.”

“सील तुमच्याकडे फुटतं. पुढे त्या पिंपात काय जातं, ते मी पुण्यात बसून कसं सांगू?”

माझं डोकं सणकलं. भिंतीलगतच्या खाटेवर अण्णा, म्हणजे माझे वडील, गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांचा हातही थांबला.

“सायेब,” अण्णा म्हणाले, “लोहाराच्या घरात भेसळ न्हाई. पोरगी सही करनार न्हाई.”

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आमच्या गावाच्या डोक्यावर पठार आहे आणि पठारावर पवनचक्क्या. त्या बांधणाऱ्या कंपनीनं देखभालीच्या माणसांसाठी सात नव्या जीप घेतल्या होत्या. चारही चाकांना ओढ असलेल्या, अडीच लिटरचं चार सिलिंडरी टर्बो डिझेल इंजिन. माहितीपत्रकावर शंभराच्या वर हॉर्सपॉवर लिहिली होती. तसले आकडे वाचून मी कधी हुरळून जात नाही, पण हे इंजिन खरोखर दांडगं होतं. मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवरच असं ओढायला लागायचं की दगडगोट्यांचा नऊ किलोमीटरचा कच्चा घाट माणसं आणि अवजारं घेऊन निमूटपणे चढायचं.

करामत सगळी टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्री फिरवतो, त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. तो बोटाएवढा दांडा मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो आणि घेतो तो तेलाच्या पातळ पदरावर तरंगत. तो पदर गेला की दांडा गेलाच. मग निळा धूर, हवेच्या पाइपात तेल, आणि चढावर गाडी धापा टाकते.

सात गाड्यांत आठ महिन्यांत तीन टर्बो गेले होते. माझं सगळं बघून झालं होतं. एअर फिल्टर, पाइपांच्या क्लिपा, डिझेलमधलं पाणी. तेल तर मी स्वतःच्या हातानं ओतायची. तरी टर्बो मरत होते आणि दोष माझ्या नावावर टाइप होऊन आला होता. तालुक्यात गॅरेजवर बाईचं नाव असलेला तो एकच बोर्ड. तो उतरला असता तर कुणाकुणाची तोंडं गोड झाली असती, ते मला नावानिशी ठाऊक होतं.

“उद्या दुपारपर्यंत थांबा,” मी साहेबांना म्हणाले. “आज मी गाडीत बसून वर जाऊन येते.”

“वर काय आहे?”

“ते माहीत असतं तर कशाला गेले असते? तिन्ही टर्बो माझ्याकडे मेल्यावर आले. मरताना मी एकही बघितलेला नाही. आणि तुम्हीही नाही. चला बरोबर.”

साहेब आले. माणूस तसा वाईट नव्हता. पांढऱ्या शर्टाला धूळ लागेल म्हणून खिडकीची काच मात्र सगळा रस्ता वर.

जीप हणमंता शेलारची होती. वर जाणाऱ्या ड्रायव्हरांत तो सगळ्यांत जुना. त्याच्या गाडीचा टर्बो मी तीन महिन्यांपूर्वीच बदलला होता. घाट लागला तसा त्यानं खालचा गिअर टाकला. दगड चाकाखालून निसटत होते, इंजिन हुंकारत होतं आणि त्या हुंकारावर टर्बोची बारीक शिट्टी चढत होती. नऊ किलोमीटर ती शिट्टी एकदाही खाली आली नाही. मी कान लावून बसले होते. कुठं खरखर नाही, कुठं हवा सुटल्याचा फुस्स आवाज नाही. गाडीची प्रकृती ठणठणीत.

घाट जिथं संपतो त्या खिंडीत जांभळीखाली वाघजाईचं ठाणं आहे. शेंदूर लावलेली शिळा, भोवती दगडी पार, वर पत्रा. शेवटचा चढ सगळ्यांत अवघड, अगदी ठाण्यापर्यंत. तो चढून हणमंतानं ब्रेक दाबला आणि चाकं पुरती थांबायच्या आत किल्ली फिरवली. चपला गाडीतच काढून तो अनवाणी उतरला.

देवीसमोर इंजिन चालू ठेवायचं नाही, हा आमच्या घाटाचा नियम. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून ऐकत आले होते. देवीला गुरगुर खपत नाही. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, कलेक्टरची गाडी असो, खिंडीत आलं की किल्ली बंद, नमस्कार, मग पुढं.

सगळं शांत झालं. नुसता वारा. आणि त्या शांततेत मला बॉनेटखालून ती शिट्टी ऐकू आली.

इंजिन बंद होतं. तेलाचा पंप बंद होता. पण टर्बो फिरतच होता. मी मनात आकडे मोजायला लागले. सातपर्यंत आले तरी शिट्टी बारीक बारीक होत चालूच होती.

“साहेब, ऐकलंत?”

“काय?”

मी खाली उडी मारली आणि बॉनेट उघडलं. तोंडावर भट्टीसारखी झळ आली. इतक्या तापलेल्या टर्बोत तेल थांबलं की ते जागच्या जागी जळणार, त्याचा कोळसा होणार, आणि तो कोळसा तेलाच्या नळीत बसणार. रोज थोडा. दिवसातून दोनदा, देवीच्या साक्षीनं.

साहेबांच्याही डोक्यात प्रकाश पडत होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. तेवढ्यात मागून दुसरी जीप आली. गुलाब मुलाणीची. त्यानं हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड सरकवला आणि इंजिन तसंच घरघरतं ठेवून देवीला हात जोडले. परत आला, तंबाखू मळायला लागला.

हणमंता खवळला. “गुल्या, किती येळा सांगायचं? देवीम्होरं गाडी बंद कर!”

“आन् मग ढकलायला तू येनार? गाडी आली तवापासनं बॅटरी मेलीया. हापिसात अर्ज देऊन देऊन बोटं झिजली. रोज मी देवीची माफी मागतो, ती मला कायबी बोलत न्हाई. तूच बोलतोस.”

मी हसायला लागले. मला आवरेचना. दोघेही माझ्याकडे बघत राहिले.

“गुलाबभाऊ, तुमच्या गाडीचा टर्बो कधी बदललाय?”

“कधीच न्हाई, ताई. का? बदलायचा अस्तो का?”

दुपारी दोन्ही गाड्या मी गॅरेजमध्ये घेतल्या आणि गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग साहेबांच्या देखत तीन गाड्यांच्या टर्बोला तेल पुरवणाऱ्या नळ्या सोडवल्या आणि वर्तमानपत्रावर ओळीनं मांडल्या. पहिली मेलेल्या गाडीची, आतून ठार बंद, तार घातली तरी जाईना. दुसरी हणमंताच्या गाडीची, तीन महिन्यांत निम्मी भरलेली. तिसरी गुलाबची. ती मी साहेबांच्या डोळ्याला लावली आणि दरवाजाकडे तोंड करायला सांगितलं.

“दिसतोय का उजेड?”

“दिसतोय,” ते म्हणाले.

“हिच्या टर्बोचा पाइप काढलाय, चक्रीला बोट लावून बघा. हलतेय का इकडेतिकडे?”

साहेबांनी बोट लावलं. पहिल्यांदाच त्यांचं बोट काळं झालं. “अजिबात नाही.”

“सगळ्यांत हलाखीत चाललेली गाडी ही. पिंप तेच, तेल तेच, घाट तोच, हात माझेच. फरक फक्त किल्लीचा.”

साहेबांनी तिन्ही नळ्या पुन्हा एकदा बघितल्या. मग म्हणाले, “पुस्तकात लिहिलेलं आहे हे. चढानंतर दोन-तीन मिनिटं इंजिन मंद चालू ठेवा, मग बंद करा.”

“पुस्तक सातही गाड्यांच्या खणात आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत. इंग्रजीत.”

“खरं आहे. पण कुंदाताई, कारणाच्या रकान्यात मी देवी लिहू शकत नाही. आणि लिहिलं तरी ड्रायव्हर ऐकणार आहेत का? हे असंच चालू राहिलं तर दोन महिन्यांत चौथा टर्बो जाईल, आणि तेव्हा मी आलो काय, दुसरा कुणी आला काय, दोष तुमच्याच माथी येणार. उद्या दुपारपर्यंत ड्रायव्हर ऐकतील असं काहीतरी ठोस दाखवा. नाहीतर हा कागद आहेच.”

संध्याकाळी पठारावरून उतरलेले ड्रायव्हर गॅरेजसमोर थांबले, तेव्हा मी त्यांना नळ्या दाखवल्या. सगळं सांगितलं. त्यांना पटलंही असावं, कारण कुणी वाद घातला नाही. पण मान कुणी हलवेना.

हणमंता म्हणाला, “ताई, टर्बो जातोय तर जाऊ दे, कंपनीचा हाय. देवीचा नेम मोडून त्या घाटात गाडी घालायची माझी छाती न्हाई. घरी लेकरं हायती.”

“नेम कुणी केला?”

“आमच्या आधीपासनं हाय. अण्णांस्नी इचारा. ह्या घाटात पयली गाडी त्येंनीच चढवलीया. अण्णा हां म्हनले तर आमी ऐकू.”

सगळ्यांनी खाटेकडे बघितलं. मला वाटलं, झालंच काम. सकाळी साहेबांच्या तोंडावर माझ्या बाजूनं उभे राहिलेले माझे अण्णा.

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “नेम मोडायचा न्हाई.”

“अण्णा, तुम्ही नळ्या बघितल्या ना?”

“एकदा सांगितलं. जावा सगळी घरला.”

ड्रायव्हर पांगले. मी शटर अर्धं ओढलं आणि अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले. माझा बाप हट्टी होता, पण यंत्राच्या बाबतीत त्यानं कधी डोळेझाक केली नव्हती. आवाज ऐकून कुठला वॉल्व्ह आहे ते सांगणारा माणूस. त्याला ती काळी नळी कळली नाही, हे मी मरेपर्यंत मानलं नसतं.

“तुम्हाला सगळं कळलंय,” मी म्हणाले. “मग का?”

“देवीचा नेम हाय.”

“देवीला काय पडलंय किल्लीचं? उद्या माझा बोर्ड जाईल. मी भेसळ करते म्हणून तालुकाभर होईल. चालेल तुम्हाला?”

अण्णा गुडघा चोळत राहिले. मग माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

“सर्व्हेची पेट्रोलची जीप हुती तवा. घाट चढूस्तवर पाणी उकळून वाफा निघायच्या. समद्यांस्नी सांगायचो, खिंडीत गाडी बंद करा, गार होऊ द्या, पाणी घाला, मग जावा. कोन ऐकतंय? घाई समद्यांस्नी. रामू साळुंखे माझा जोडीदार. तसाच गेला फुडं. पल्याडच्या उतरावर इंजिन आवळून जाम झालं, गाडी आवरंना. दरीतनं त्येला मीच वर काढला, ह्या हातांनी.”

रामूकाकांचं नाव घरात ऐकलं होतं, हे नव्हतं ऐकलं.

“तेराव्याला समदी ड्रायव्हर जमलीती. म्या सांगितलं, वाघजाई सपनात आली. म्हनली, माझ्याम्होरं गुरगुरायचं न्हाई. दुसऱ्या दिशीपासनं झाडून समदी गाडी बंद कराय लागली.”

“आणि स्वप्न?”

“कुठलं सपान घेऊन बसलीस. रामू गेल्यापासनं झोपच न्हवती.”

बाहेर अंधारून आलं होतं. चाळीस वर्षं त्या खोट्यावर गाड्या जपल्या गेल्या होत्या. आणि ते सांभाळत हा माणूस खाटेवर एकटा बसला होता. मला त्यांच्या पायाशी बसावंसं वाटलं. पण मी बसले नाही, कारण बसले असते तर रडले असते आणि मग ते जिंकले असते.

“आता खोटं म्हनून सांगितलं तर लोक काय म्हनतील?” अण्णा म्हणाले. “माझ्या तोंडात शेण घालतील. देवीवरचा इस्वास जाईल.”

“अण्णा, नेम तुम्ही गाडी वाचवायला केलात. आता तोच गाड्या मारतोय. उद्या अर्ध्या चढावर टर्बो फुटला आणि गाडी मागं आली तर? आणखी एक रामूकाका काढणार का दरीतनं? गुडघे तरी चालतील का?”

“कुंदा, तोंड सांभाळ.”

“नाही सांभाळत. साहेबाच्या कागदावर मी सही करणार नाही आणि तुमच्या खोट्यावरही करणार नाही. तुम्ही बोलला नाहीत तर उद्या खिंडीत उभी राहून मी बोलते. मग मला कुणीही काहीही म्हणो.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. जेवायलाही उठले नाहीत. मीही हाक मारली नाही.

सकाळी मी गॅरेज उघडलं, तर हणमंताच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर अण्णा बसलेले. पांढरा फेटा, धुतलेला सदरा. सहा वर्षांत हा माणूस घाट चढला नव्हता.

“बघत काय बसलीस? बस मागं,” ते म्हणाले. “त्या सायबाला बी घे.”

खिंडीत त्या वेळी चार गाड्या उभ्या होत्या. अण्णांना बघून सगळे गोळा झाले. हणमंतानं शेवटचा चढ काढला, ब्रेक दाबला आणि सवयीनं त्याचा हात किल्लीकडे गेला.

अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब. शिट्टी खाली येऊ दे.”

“अण्णा, देवी...”

“देवीचं मी बघतो. ब्रेक ओढ.”

माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उतरले. इंजिन घरघरत होतं. अण्णांनी हात जोडले आणि पाराभोवती चालायला लागले. एकेक पाऊल टाकायला वेळ लागत होता. पहिली प्रदक्षिणा झाली, दुसरी झाली. गुलाब मुलाणी त्यांच्या मागं चालायला लागला, मग आणखी दोघे. बॉनेटखालचा आवाज शांत, मंद होत गेला. साहेब घड्याळ बघत होते.

पाचव्या फेरीला अण्णा थांबले. “आता फिरव किल्ली.”

हणमंतानं फिरवली. इंजिन थांबलं आणि त्याच्यामागं शिट्टी उरली नाही. मी कान देऊन ऐकलं. नुसता वारा.

“आजपासनं ह्यो नेम,” अण्णा म्हणाले. “गाडी चालू ठेवायची, पाच येढं घालायचं, मग किल्ली. आन् आनखी एक आयका. देवी माझ्या सपनात कधी आलीच न्हवती. रामू गेला, तवा समद्यांनी ऐकावं म्हनून म्या बनवून सांगितलं.”

हणमंताचा चेहरा पडला. आधी बारीक, मग मोठ्यानं तो म्हणाला, “म्हंजी आमी इतकी वर्सं एका खोट्यापायी हितं गाड्या बंद करत आलो?”

अण्णांनी त्याच्याकडे सरळ बघितलं. मान खाली घातली नाही.

“इतकी वर्सं जित्ती हायसा,” ते म्हणाले.

हणमंता थोडा वेळ शिळेकडे बघत उभा राहिला. मग चपला काढल्या आणि एकटाच पाच वेढे घालून आला.

खाली आल्यावर देवस्थळी साहेबांनी टाइप केलेला कागद फाडला आणि कोरा पुढं केला. या वेळी पेन त्यांनी स्वतःहून माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, ‘तेल चांगले होते. चढ चढून लगेच इंजिन बंद करण्याच्या सवयीने टर्बो गेले.’ खाली सही केली. अण्णांनी माझ्या हातातून पेन ओढून घेतलं आणि माझ्या सहीखाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, ‘सवय मी लावली. गणपत लोहार.’

साहेबांनी पेन पुसलं नाही. तसंच पांढऱ्या खिशाला लावलं.

अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली. बोर्ड अजून आहे. खिंडीत गाड्या घरघरत उभ्या असतात आणि ड्रायव्हर पाराभोवती फिरत असतात. नवीन आलेला एखादा कधी गॅरेजमध्ये विचारतो, ताई, हा नेम देवीनं कधी सांगितला? मी हातातला पाना खाली न ठेवता सांगते, देवीनं नाही रे, गणपत लोहारानं. आधीचा नेमही त्याचाच होता, आणि तो मोडलाही त्यानंच.